वानगीच्या डब्यातली काडतुसे

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. पोटात रवा, साखर नाहीतर गोडा मसाला असेल असे तुम्हाला वाटले ना? नाही. माझ्या पोटात काडतुसे आहेत, आणि तीही फुसकी. पुण्यात घडलेला डबा नेदरलँड्समधल्या नेमबाजी क्लबात जाऊन असले उद्योग करतो हे आमच्या जुन्या परातीने ऐकले असते, तर तिने माझ्याशी बोलणेच टाकले असते. पण कोणावर काय वेळ येईल हे भांड्याला तरी कुठे ठाऊक असते!

माझा जन्म तांबट आळीतला. पत्र्यावर इतके ठोके बसले, की शेवटी मीच गोल होऊन मोकळा झालो. भवानी पेठेतल्या एका भुसार व्यापाऱ्याने मला विकत घेतले आणि आपल्या मुलीला, कुमुदिनीला, लग्नात दिले. देताना तिला बजावले, "ह्यात धान्य भरू नकोस. हा वानगीचा डबा."

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तांदूळ पिशवीतूनच पाहिला असेल, म्हणून सांगतो. तेव्हा घरोघरी वर्षाचे धान्य एकदम भरत. दुकानदार आधी थोडा नमुना द्यायचा, तीच वानगी. कुमुदिनी त्यातली निम्मी शिजवून बघायची आणि निम्मी माझ्यात जपून ठेवायची. भात पसंत पडला, की पोत्याची मागणी जायची. पोते दारात आले, की ती कोपरापर्यंत हात खुपसून तळचे दाणे काढायची, माझ्यातले दाणे शेजारी ठेवायची आणि तळहातावर दोन्ही जुळवून पाहायची. जुळले तर पोते घरात. नाही जुळले तर त्याच हातगाडीवरून परत. माझ्या साक्षीने चौदा पोती परत गेली आहेत. मी मोजली आहेत, उगाच फुशारकी मारत नाही.

पुढे वर्षाचे धान्य भरणे थांबले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे किती वर्षे काढली ते विचारू नका. झुरळांशी मैत्री करावी लागली एवढेच सांगतो. मग अकरा वर्षांपूर्वी कुमुदिनीची मुलगी आसावरी नोकरीसाठी नेदरलँड्सला निघाली. तिने मला खाली उतरवले, चिंचेने घासले आणि मेतकूट भरून बरोबर आणले.

आसावरी फेल्डहोवनला राहते. चिप बनवणारी यंत्रे तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत ती मोजमापाचे काम करते. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूकही तिला खपत नाही. घरात मात्र चहाचा चमचा कधी जागेवर सापडत नाही, ती गोष्ट वेगळी. कॉलेजात एनसीसीत असताना ती रायफल चालवायला शिकली होती. इथे गावाबाहेर नेमबाजीचा क्लब आहे असे कळले आणि तिची जुनी हौस जागी झाली. खेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. तिथून चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळवून ती क्लबाची सभासद झाली आणि दर रविवारी सकाळी सायकलवर टांग मारून जाऊ लागली.

मी क्लबात पोचलो तो तिच्या वाढदिवसाला. इकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचे असते. तिने माझ्यात बेसनाचे लाडू भरून नेले. कॉफीबरोबर एकच बिस्किट देऊन डबा बंद करण्याची इथली रीत, पण त्या दिवशी व्हिलेमने चार लाडू खाल्ले. व्हिलेम म्हणजे क्लबाच्या हत्यारांची देखभाल करणारा, शहात्तर वर्षांचा, लांब हातांचा आणि कमी बोलणारा म्हातारा. लाडू संपल्यावर त्याने मला उलटसुलट करून पाहिले, ठोक्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, "हा मला देशील? फुसकी काडतुसं ठेवायची आमची बादली फुटली आहे."

आसावरीने मोठ्या आनंदाने मला देऊन टाकले. आईला विचारावे असे काही तिच्या मनात आले नाही.

मला आधी फार वाईट वाटले. आंबेमोहोराची वानगी सांभाळणारा मी, आणि नशिबी हे! पण व्हिलेमने मला शेल्फवर नीट जागा दिली. काडतूस तुम्ही पाहिले नसेल, आणि ते चांगलेच आहे. पितळी पुंगळीत दारू असते, तोंडाला गोळी आणि बुडाला एक लहानशी टोपी. चाप ओढला, की बंदुकीतली टोकदार सळई त्या टोपीवर आपटते, टोपी पेटते आणि बार उडतो. टोपी पेटली नाही तर नुसते 'टक' होते. मग बंदूक समोर धरूनच थोडा वेळ थांबायचे, काडतूस काढायचे आणि माझ्यात आणून ठेवायचे. माझे झाकण सैलच ठेवायचे हा व्हिलेमचा नियम, आणि मला रिकामे करायचे ते त्यानेच, हा दुसरा. पुंगळ्याही पितळेच्या, मीही पितळेचा. हळूहळू आमचे जमले.

तिथेच माझी एक मैत्रीण झाली. ती क्लबाची जुनी बंदूक. घराणे सबमशीनगनचे, तोंडवळाही तसाच, पण इथल्या कायद्याप्रमाणे ती कारखान्यातच सौम्य जन्मली. चाप एकदा ओढला की एकच गोळी. तरी सगळे तिला सबमशीनगनच म्हणतात. तिचा धक्का कमी, म्हणून नवा सभासद आला की पहिले धडे तिच्यावरच. रविवारी तिच्यासमोर रांग लागायची. भूक मात्र दांडगी. एका सकाळी चारशे-पाचशे काडतुसे ती सहज फस्त करायची. म्हणून क्लब तिच्यासाठी आणि पिस्तुलांसाठी एकाच जातीची काडतुसे घाऊक घ्यायचा.

हे खरेदीचे काम दहा वर्षे कोणी घ्यायला तयार नव्हते. गेल्या वर्षीच्या सभेत आसावरीने हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती लाजली. परक्या देशात कोणी आपल्यावर एखादे काम सोपवले, की माणसाला बरे वाटते.

तिने ते काम किती मन लावून केले, ते मी शेल्फवरून पाहिले आहे. चार कंपन्यांची काडतुसे मागवली, प्रत्येकी दोनशे. सगळी त्या जुन्या सबमशीनगनमधून झाडली, कारण जे म्हातारीला पचेल ते सगळ्यांना पचेल. गोळीचा वेग यंत्राने मोजला. कोणते अडकते, कोणते नळीत काजळी धरते, सगळे लॅपटॉपवर टिपले. सर्वांत महाग होते ते उत्तम निघाले, त्यात काय कौतुक! सर्वांत स्वस्त होते ते दोनशेत सात वेळा अडकले. तिसऱ्याने काजळी इतकी धरली, की व्हिलेमने साफ करताना एक शिवी हासडली. चौथी काडतुसे हिरव्या खोक्यात यायची. महागाच्या पाऊण किमतीत मिळायची, आणि दोनशेच्या दोनशे वाजली. एकही माझ्याकडे आले नाही.

"हीच!" आसावरी म्हणाली आणि दहा हजारांची मागणी गेली. दीड महिन्याने हिरवी खोकी आली, कपाटात रचली गेली आणि वापरायला सुरुवात झाली.

आणि मित्रांनो, माझे पोट भरू लागले.

एका रविवारी तीन, पुढच्या रविवारी पाच. पिस्तूलवाले आपापल्या खणात उभे असतात. एखादे फुसके निघाले, की गुपचूप माझ्याकडे आणून देतात आणि म्हणतात, होते कधीतरी. सबमशीनगन मात्र सगळ्यांची. ती 'टक' करून थांबली, की मागची अख्खी रांग थांबते आणि घड्याळाकडे पाहते. "वय झालं तिचं," एक म्हणाला. "व्हिलेमचंही झालं," दुसरा म्हणाला, जरा हळू. "त्याला आता दिसत नाही नीट. आतली सळई झिजली असणार आणि ह्याला पत्ता नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातला प्रकार. व्हिलेम सगळे ऐकायचा. घरी जाऊन काय करणार, म्हणून तो संध्याकाळपर्यंत क्लबातच असायचा. बायको गेल्यापासून हे कपाट आणि ही हत्यारे एवढेच त्याचे उरले होते.

वसंतात वार्षिक सभेचे पत्रक लागले. त्यात सहावा विषय असा होता: जुनी सबमशीनगन पोलिसांकडे जमा करून मोडीत काढणे, आणि कपाटाच्या किल्ल्या व्हिलेमकडून एखाद्या तरुण सभासदाकडे देणे. पोलिसांकडे गेलेली बंदूक वितळवतात. मला तर शेल्फवरून उडी मारावीशी वाटली.

त्याच सुमारास कुमुदिनी तीन महिन्यांसाठी लेकीकडे आली. आल्याच्या चौथ्या दिवशी म्हणे तिने स्वयंपाकघराची झडती घेतली.

"आसावरी, माझा वानगीचा डबा कुठाय?"

आसावरीने आधी फ्रिज उघडून आत डोके घातले. मग खरे सांगितले. पुढे काय झाले ते मी ऐकलेले नाही, पण रविवारी सकाळी कुमुदिनी साडीवर जाड कोट आणि पायात बूट अशा थाटात क्लबाच्या दारात उभी होती. डबा परत घेऊन जायचा, एवढेच तिचे म्हणणे. सभा दुपारी दोनला होती.

मला पाहताच तिचा चेहरा फुलला. आत डोकावल्यावर तितक्याच वेगाने उतरला.

"अगं, आंबेमोहोराच्या डब्यात बॉम्ब?"

"बॉम्ब नाहीत गं आई, न उडालेली काडतुसं आहेत. हात लावू नकोस."

"हात कोण लावतंय! डोळे तर लावू देशील?"

व्हिलेमने तिच्यासाठी कॉफी आणली आणि बरोबर एक बिस्किट. मग टेबलावर जाड कापड अंथरून मला हळूच रिकामे केले. चोपन्न काडतुसे निघाली. आता कुमुदिनीचा अर्धा जन्म गेला तांदळातले खडे निवडण्यात. पुढ्यात काही पसरलेले दिसले, की तिला निवडल्याशिवाय राहवत नाही. तिने चष्मा नाकावर सरकवला.

"ह्यांच्या बुडाला टिकल्या कसल्या गं?"

"टिकल्या नाहीत. बंदुकीची सळई आपटते ना, तिचा ठसा आहे."

"मग सारख्या का नाहीत? ही बघ, गोल. ही लांबट. ही तर चौकोनी. वेगळ्या कर बघू."

"आई, सभेची तयारी करायचीय मला."

"कर गं. दोन मिनिटांचं काम."

आसावरीने व्हिलेमकडे पाहिले. त्याने मान हलवली. मग आई बोट दाखवेल तसे एकेक काडतूस ती सरकवू लागली. आधी कुरकुरत, मग जरा लक्ष देऊन, मग एकदम सावकाश. चार ढीग झाले. प्रत्येक बंदुकीच्या सळईचा ठसा निराळा असतो. गोल ठसा सबमशीनगनचा, तिची होती तेवीस. बाकीची एकतीस तीन वेगवेगळ्या पिस्तुलांची, आणि त्यातली दोन पिस्तुले तर कोरी करकरीत.

"आणि ठसा सगळ्यांवर चांगला खोल आहे," कुमुदिनी म्हणाली. "हातोडी नीट बसलीय. मग वाजली का नाहीत?"

आसावरी खुर्चीत बसली. सळई झिजलेली असती तर ठसा उथळ पडला असता. बंदूक शहाणी होती, खोट काडतुसांतच होती.

"मी दोनशे झाडून बघितली होती गं. एकही फुसकं नव्हतं."

"ह्याच खोक्यांतली?"

"त्याच कंपनीची. खेप आधीची होती."

"त्यातली थोडी ठेवली होतीस जुळवायला?"

"नाही. सगळी झाडली."

"बरं, मग नवी खेप आल्यावर त्यातली चार उडवून बघितलीस?"

आसावरीने नकारार्थी मान हलवली.

"शितावरून भाताची परीक्षा करावी, बाळा. पण शीत त्याच भांड्यातलं हवं ना!"

आसावरीने कपाटाकडे जाऊन खोक्यांवरचा खेपेचा आकडा पाहिला. सगळ्या खोक्यांवर एकच आकडा होता आणि तिने तपासलेले जुने रिकामे खोके कोपऱ्यात पडले होते, त्यावर होता तो नव्हे. तिच्या लॅपटॉपवरच्या तक्त्यात वेगाचे आकडे दशांशापर्यंत होते, खेपेचा रकानाच नव्हता. ऑफिसात तपासल्याशिवाय एक खिळा आत येऊ न देणारी ही बाई, इथे खोक्याचा रंग पाहून निश्चिंत झाली. हुशार माणसांचे असेच होते. जिथे पगार मिळतो तिथे ती डोळे उघडे ठेवतात आणि जिथे जीव लावतात तिथे मिटतात.

व्हिलेम कॉफीचा कप धरून उभा होता. "राहू दे," तो म्हणाला. "दुपारी सभा होऊन जाईल. उरलेली काडतुसं परत करू."

राहू दिले असते तर कोणाला कळलेही नसते. आणि आसावरीला न बोलण्याचे कारणही होते. पुढच्याच महिन्यात तिच्या स्वतःच्या पिस्तुलाच्या परवान्याच्या अर्जावर क्लबाची शिफारस लागणार होती. खरेदीच्या पहिल्याच कामात माती खाल्लेल्या बाईची शिफारस कोण करील? तिने ओठ चावले आणि काडतुसे ढीग न मोडता चार खोक्यांत ठेवली. मला तिने रिकामेच काखोटीला मारले.

सभेला चाळीसेक माणसे होती. कुमुदिनी मागच्या रांगेत बसली. अध्यक्षबाई इंगे. तिने सहावा विषय वाचला आणि विचारले, कोणाला काही बोलायचे आहे का? आसावरी उठली. मला टेबलावर ठेवले आणि माझ्याभोवती चार खोकी मांडली. तिथे सगळ्यांना इंग्रजी येते, तिचे डच दुकानात भाजी घेण्यापुरते, पण ती डचमध्ये बोलली. मध्ये दोनदा अडली. पुन्हा सुरू झाली.

"बंदूक चांगली आहे. व्हिलेमचं काम चांगलं आहे. काडतुसं वाईट आहेत आणि ती मी निवडली. नवी खेप मी तपासली नाही. चूक माझी आहे."

लोक उठून खोक्यांत डोकावले. कोणी गोल ठसे पाहिले, कोणी चौकोनी. पिस्तूलवाले खाली पाहू लागले. एक जण पुटपुटला, म्हणजे कपाट भरून कचरा घेतलाय आपण! इंगेने चष्मा काढला.

"व्हिलेम, तीस वर्षं तू हे बघतोयस. तुला दिसलं नाही?"

"पहिल्याच आठवड्यात दिसलं," व्हिलेम म्हणाला.

आसावरी चक्क त्याच्यावर ओरडली. "मग मला सांगितलं का नाहीत? तुम्ही डच लोक तर सगळं तोंडावर बोलता!"

हशा पिकला. व्हिलेम मात्र हसला नाही. उभे राहायला त्याला वेळ लागला.

"दहा वर्षांत पहिल्यांदा कोणी हात वर केला होता. पहिल्याच खेपेला तुझं नाक कापलं गेलं असतं, तर तू परत आली नसतीस. मी जाणारा माणूस आहे. तू राहणारी आहेस."

अकरा वर्षांत आसावरीने राहण्याचे परवाने वाढवून घेतले होते, घर घेतले होते, पावसात सायकल चालवायला ती शिकली होती. तरी इथले लोक विचारत, किती दिवस आहात? आणि पुण्यातले विचारत, परत कधी येताय? राहणारी असे तिला कोणी म्हटले नव्हते. तिने रुमाल काढला आणि सर्दी झाल्यासारखे केले.

सहावा विषय खोडला गेला. सबमशीनगन राहिली. किल्ल्या व्हिलेमकडेच राहिल्या, फक्त दुसरी जोडी आसावरीला द्यायची आणि त्याने तिला सगळे शिकवायचे असे ठरले. विक्रेत्याने न फोडलेली खोकी बदलून द्यायचे मान्य केले. शिफारशीचे पाहू, इंगे म्हणाली, पण म्हणताना हसली. आता नवी खेप आली, की आसावरी त्याच खेपेतली शंभर आधी झाडून बघते आणि मगच बाकीची आत घेते.

सभा संपली तशी कुमुदिनी पुढे आली. तिला डचमधले अक्षर कळले नव्हते.

"तो म्हातारा शेवटी काय म्हणाला गं? सगळे एवढे गप्प का झाले?"

आसावरीने क्षणभर विचार केला. काहीतरी गोडसे सांगून वेळ मारून नेता आली असती. पण त्या दिवशी तिला खरे बोलायची सवय लागली होती.

"तो म्हणाला, तू इथे राहणारी आहेस."

कुमुदिनीने माझे झाकण उचलले, पदराने आतून पुसले, पुन्हा ठेवले. पिशवी तिने घरूनच आणली होती, माझ्यासाठी. तिची घडी घालून तिने ती कोटाच्या खिशात कोंबली.

"मग डबाही राहू दे," ती म्हणाली.

मित्रांनो, एखाद्या जुन्या वस्तूला किंवा म्हाताऱ्या माणसाला 'वय झालं' म्हणण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते एकदा नीट पाहत जा. स्वस्त घ्या, घाऊक घ्या, पण आलेला माल बघून घ्या. आणि लेक दूरच राहणार हे कळल्यावर जी माणसे आपली भांडी तिच्याजवळ ठेवून रिकाम्या हाताने परत जातात, त्यांना रोज न चुकता फोन करा.